चूक चौकटीतच दाखवा, कारणासकट दाखवा

लागणीच्या नोंदी आता गट ऑफिसात कॉम्प्युटरवर होतात. फिल्डमनने आणलेली माहिती क्लार्क पडद्यावरच्या तक्त्यात भरतो. एका प्लॉटची एक ओळ. त्या ओळीत सभासद नंबर, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण तारीख, बँक खाते अशा चौकटी असतात. याच ओळीवरून पुढे तोडणीचा प्रोग्राम लागतो आणि बिल खात्यावर जमा होते. तेव्हा चौकटीत चुकीचा आकडा पडला तर सॉफ्टवेअर ती चूक कशी दाखवते, हा प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर सोडून देऊन चालणार नाही. त्यात आपला ऊस अडकलेला आहे.

क्षेत्राचेच घ्या. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि आपण बोलतो एकर-गुंठ्यांत. सभासद सांगतो, 'एक एकर वीस गुंठे.' क्लार्कने हेक्टरच्या चौकटीत १.२० टाकले की झाले! खरे क्षेत्र ६० गुंठे, म्हणजे सुमारे ०.६१ हेक्टर, नोंद पडली जवळजवळ दुप्पट. लागण तारखेचेही तसेच. जुलैची लागण नोव्हेंबरची म्हणून पडली तर आडसाली ऊस पूर्वहंगामीत जाऊन बसतो आणि तोडीचा नंबर चार महिने मागे जातो. तोवर उसाला तुरा येतो, वरच्या कांड्या पोकळ पडतात, वजन उतरते. नुकसान सभासदाचे, आणि चूक कुठे झाली हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आता चूक दाखवण्याच्या पद्धती पाहू. पहिली पद्धत अशी की, चाळीस ओळी भरून होईपर्यंत कॉम्प्युटर गप्प राहतो. 'सेव्ह' म्हटले की मध्येच एक खिडकी उघडते, 'माहिती अवैध आहे' एवढेच सांगते आणि सगळा तक्ता नाकारते. कोणती ओळ, कोणती चौकट, काही पत्ता नाही. चुकीच्या एका ओळीपायी बरोबर असलेल्या एकोणचाळीस ओळी अडतात. दुसरी पद्धत याच्या उलट. आकडा दुरुस्त होईपर्यंत कर्सर त्या चौकटीतून हलूच देत नाही. ऐकायला हे शिस्तीचे वाटते. पण समोर माणसांची रांग असते आणि खरी तारीख त्या घडीला हाताशी नसते. मग क्लार्क सुटका करून घेण्यासाठी चालेल ती तारीख ठोकून देतो. चूक गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. माझ्या मते ही दुसरी पद्धत पहिलीपेक्षा घातक आहे.

तिसरी पद्धत मला योग्य वाटते. चौकट सोडताच तपासणी व्हावी, चूक असेल तर त्याच चौकटीला लाल कड यावी, ओळीच्या सुरुवातीला खूण उमटावी आणि क्लार्कला पुढे जाता यावे. ओळ 'अपूर्ण' म्हणून राहील. मात्र ती दुरुस्त झाल्याशिवाय तोडणीच्या प्रोग्राममध्ये जाणार नाही. यात अशक्य असे काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये २००५ साली आलेल्या डेटाग्रिडव्ह्यू तक्त्यात चौकटीला आणि ओळीला चुकीचा मजकूर जोडण्याची सोय आहे. तो जोडला की उद्गारचिन्हाची खूण दिसते. २०१० पासून डब्ल्यूपीएफच्या तक्त्यातही लाल कड आणि ओळीची खूण मिळते. फक्त एक उणीव भरून काढावी लागते. डेटाग्रिडव्ह्यूमध्ये खुणेवर माऊस नेला तरच कारण वाचता येते, आणि भराभर नोंद करणाऱ्याचा हात असतो कीबोर्डवर. म्हणून कारण तक्त्याखालच्या पट्टीतही उमटावे. शिवाय 'चुका बाकी: ३' असा आकडा तिथे कायम दिसावा आणि एक बटण दाबताच पुढच्या चुकीवर जाता यावे, नाहीतर पडद्याबाहेर सरकलेली ओळ विसरली जाते. नुसत्या लाल रंगावरही भिस्त नको. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही.

कारण लिहायचे ते आपल्या भाषेत. 'क्षेत्र अवैध' यातून काय समजायचे? त्याऐवजी 'गुंठे ४० पेक्षा कमी हवेत. ४५ गुंठे म्हणजे १ एकर ५ गुंठे' असे लिहा, म्हणजे समोर उभा असलेला सभासदही चूक सुधारून देईल. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये अकरा अक्षरे असतात आणि पाचवे शून्य असते. तिथे इंग्रजी 'ओ' पडला तर तसेच सांगावे, की 'पाचव्या जागी शून्य हवे'.

चूक आणि शंका यांतही फरक करा. उद्याची लागण तारीख किंवा ४५ गुंठे ही उघड चूक. ती अडवलीच पाहिजे. पण गटाच्या एकूण क्षेत्रापेक्षा नोंद जास्त दिसली, किंवा त्याच गटात दुसरी नोंद सापडली, तर ती शंका. सामाईक जमिनीत भावाभावांच्या नोंदी वेगळ्या असतात, त्या अडवल्या तर खऱ्या सभासदावर अन्याय होईल. तिथे पिवळी खूण करून कारण विचारावे आणि नोंद घ्यावी. एक्सेलमध्येही थांबवणे, सावध करणे आणि नुसती माहिती देणे असे तीन प्रकार आहेतच. मात्र एक्सेलच्या चौकटीत आकडे बाहेरून कॉपी करून चिकटवले तर ही तपासणी होत नाही. म्हणून फिल्डमनचा तक्ता आयता उचलून घेतला तरी सॉफ्टवेअरने प्रत्येक चौकट पुन्हा तपासली पाहिजे.

काहीजण म्हणतील, एवढ्या खुणांनी नोंदीच्या गर्दीत काम तुंबेल. नोंदीच्या वेळी एका चौकटीला अर्धा मिनिट लागेल, हे खरे. पण तीच चूक तोडणीच्या वेळी निघाली तर सभासदाचे हेलपाटे, फिल्डमनची पुन्हा मोजणी आणि वर वादावादी.

सॉफ्टवेअर सुधारेल तेव्हा सुधारेल, पण एक गोष्ट आजपासून आपल्या हातात आहे. नोंद करताना पडदा आपल्याकडे वळवून घ्या. क्षेत्र सांगताना एकर की हेक्टर ते स्पष्ट सांगा. जात आणि तारीख स्वतः वाचून पाहा, आणि मगच पावती खिशात घाला, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी