हाताला येतं, सांगता येत नाही!

मुलांनो, आज आधी एक गंमत करा. वही घ्या आणि तीन पेडांची वेणी कशी घालतात ते लिहून काढा. चित्र काढायचं नाही. मग समोर लोकरीचे तीन धागे ठेवा आणि वही धाकट्या भावाला द्या. वहीत लिहिलंय तेवढंच त्याने करायचं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. बघा कशी वेणी होते ती!

माझ्या चौथीच्या वर्गात मी हा खेळ घेतला. एका मुलीने लिहिलं, ‘केस विंचरावेत, वेणी घालावी, रबर लावावे.’ झालं! आणि तिची स्वतःची वेणी कशी? शाळा सुटेपर्यंत एक केस हलत नाही.

खेळ माझा नाही बरं का. दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती, तिने तो शिकवला. चौथीत असताना ती मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या वेण्या घालून द्यायची, पाढे मात्र हमखास चुकायची. दहावीनंतर तिने आय.टी.आय.त कॉस्मेटॉलॉजी घेतली, म्हणजे केस, त्वचा आणि नखं यांची निगा राखण्याचं शिक्षण. ‘पार्लरच टाकायचं होतं तर दहावी कशाला केली?’ असं गावात काहीजण म्हणाले. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. पुढे दोन वर्षं तिने पार्लरमध्ये काम केलं. आता ती ‘शिल्प निदेशक’ होण्याचं शिक्षण घेते आहे. आय.टी.आय.त हातातली कला शिकवणाऱ्या शिक्षकांना निदेशक म्हणतात.

मी चहा टाकला तर ही म्हणते, “बाई, मला सगळं येतं आणि तरी माझा पहिला सराव पाठ पडला!”

पाठ होता भुवयांच्या थ्रेडिंगचा. समोर मुली बसलेल्या. हिने दोरा घेतला, पीळ दिला आणि पाच-सहा मिनिटांत दोन्ही भुवया तयार. मुली म्हणाल्या, “वा!” मग त्यांच्या मॅडमनी एकीला उठवून विचारलं, “दोऱ्याला पीळ किती दिले?” ती गप्प. मॅडमनी हिलाच विचारलं. हीसुद्धा गप्प! हजारदा दिलेले पीळ, पण मोजले होते कुणी?

मला हसू आलं आणि माझी डी.एड.ची वर्षं आठवली. हातचा घेऊन बेरीज आम्हाला काय येत नव्हती? पण ती सहा वर्षांच्या मुलाला सांगताना घाम फुटला होता.

आमच्या वेळी हर्बार्टची पंचपदी असायची. हिच्या वहीत चार पायऱ्या सापडल्या : शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, सांगत सांगत करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग एकट्याला करू द्या आणि तपासा. या पायऱ्यांची गोष्ट पार्लरमधली नाही, जहाजांची आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईने जहाजं बांधायची होती आणि नवे कामगार हजारोंनी भरती होत होते. त्यांना शिकवणार कोण? चार्ल्स ॲलन नावाच्या गृहस्थांनी जुन्या, तरबेज कारागिरांनाच शिकवायला शिकवलं आणि १९१९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. चार पायऱ्यांची ही पद्धत त्यांचीच.

आणखी एक अडचण ऐका. पहिलीच्या मुलांसमोर उभी राहून मी “उजवा हात वर!” म्हणते, तेव्हा स्वतःचा डावा हात वर करते. समोरून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसतं ना! पण कात्री काही डाव्या हातात धरता येत नाही. म्हणून केस कापून दाखवताना ही मुलींना आपल्या पाठीमागे, खांद्यावरून हात दिसतील अशा उभ्या करते.

(पालकांसाठी : या प्रशिक्षणाला जाण्याआधी ती कला आय.टी.आय.त किंवा पदविकेला शिकलेली असावी लागते. मग प्रवेश परीक्षा आणि एक वर्षाचा अभ्यासक्रम. त्यात हातकामाबरोबर अध्यापन पद्धतीचाही पेपर असतो. खास महिलांसाठी अशा केंद्रीय संस्था १९७७ पासून सुरू झाल्या. पहिल्या तीन दिल्ली, मुंबई आणि बंगळूर इथे होत्या.)

दुसऱ्या पाठाचं सांगताना मात्र तिचा चेहरा उतरला. विषय होता केसांना रंग लावणं. या रंगांत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याने खाज सुटते, चेहरा सुजतो. म्हणून आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघायची. पार्लरमध्ये ओळखीचं गिऱ्हाईक घाईत असलं की ही तेवढं गाळायची. पाठातही बोलून गेली, “हे तुम्ही नंतर बघा.” मॅडमनी पाठ तिथेच थांबवला.

“मला राग आला, बाई. एवढंसं तर राहिलं होतं! रात्री झोप लागेना, तेव्हा हिशोब केला. समोर वीस मुली. उद्या प्रत्येकीने दिवसाला चार गिऱ्हाइकं केली तर वीस चोक ऐंशी. आणि ते ‘नंतर बघा’ त्या ऐंशीजणींपर्यंत जाणार, माझ्या तोंडून.”

वीस चोक ऐंशी! चौथीत हीच मुलगी इथे अडखळायची. मी तिच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली.

पुढचा पाठ तिने दोन दिवसांत वाटून घेतला. मटकीला मोड आणून दाखवायचे तर मी ती आधीच भिजवून ठेवते ना, तसंच. सोमवारी एकीच्या कोपराला थेंब लावला, बुधवारी सगळ्यांना तो दाखवला आणि मगच रंगाची वाटी काढली.

जाण्याआधी तिने मलाच विद्यार्थिनी केलं. दोरा माझ्या हातात, ती माझ्या शेजारी. “बाई, घाई नको. पीळ मोठ्याने मोजा.” एक, दोन, तीन... तुटला! पुन्हा दिला, पुन्हा तुटला. ती रागावली नाही. माझा अंगठा जरा मागे सरकवला आणि म्हणाली, “आता.”

रीळ माझ्याकडे ठेवून गेली आहे. दोरा अजून चौथ्या पिळाला तुटतो. तोवर तुमच्या वेणीची कृती मला लिहून पाठवा. घरी लोकर आणून ठेवली आहे.