आजीच्या येसराचें मोल

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. कापसाची पहिली वेचणी नुकतीच झाली होती. आमच्या जिवतीच्या डोंगरावर त्या दिवसांत सांज लौकर उतरते. मी ओसरीवर दिव्याखालीं वाचीत बसलों असतां माझा एक जुना विद्यार्थी आला, नमस्कार करून बसला आणि बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्यावर हळूच म्हणाला, "गुरुजी, यूट्यूबवर व्हिडिओ टाकले कीं पैसे मिळतात म्हणतात. तें खरें आहे काय?"

"मिळतात असें मीही ऐकतों," मीं म्हटलें, "पण तुझ्या मनांत काय आहे, तें आधीं सांग."

त्याच्या मनांतला बेत ऐकून मला काळजी वाटली. कापसाचे पैसे हातीं येतांच त्यांतून मोठा कॅमेरा घ्यावयाचा, कमी पडतील ते उसने काढावयाचे, गडचांदूरच्या दुकानांतील नोकरी सोडावयाची आणि शहरांतील मुलें करतात तसे विनोदी व्हिडिओ करावयाचे! घरांत आजी, आईबाप, थोरला भाऊ, भावजय आणि दोन लहान मुलें; कापूस आणि तूर यांवर सर्वांचें वर्ष चालतें. मीं त्याला एवढेंच सांगितलें, "अरे, महिनाभर थांब. कापसाच्या पैशाला हात लावूं नकोस. मी चौकशी करतों." जन्मभर दुसऱ्यांस शिकविलेल्या माणसानें उतारवयांत स्वतः विद्यार्थी व्हावें, यांत कमीपणा कसला? त्या चौकशींत जें समजलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण हा प्रश्न एकट्या जिवतीचा नव्हे. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखाद्या पुतण्यानें, भाचीनें किंवा सुनेनें तो काढला असेल, आणि वडीलधाऱ्यांनीं रिकामपणाचा उद्योग म्हणून तो उडवूनही लावला असेल.

पहिली शंका ही कीं, हे पैसे देतो कोण? पाहणारा तर बहुधा एक पैही देत नाहीं. देतो तो जाहिरातदार. ही युक्ति कांहीं आजची नव्हे. १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाली, ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोंचावी म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनीं तिच्यांत वाचनीय मजकूर घालतां घालतां तिचेंच पुढें घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें. तेथें नांगराच्या मागून वाङ्मय आलें. येथें वाङ्मयाच्या पाठीवर जाहिरात बसते. व्यवहार तोच. यूट्यूब २००५ सालीं निघालें, २००६ मध्यें तें गूगल कंपनीनें विकत घेतलें आणि २००७ पासून व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नांत वांटा मिळूं लागला. सामान्य लांबीच्या व्हिडिओवर ज्या जाहिराती दिसतात, त्यांच्या उत्पन्नांतील शंभरापैकीं ५५ रुपये करणाऱ्याचे आणि ४५ कंपनीचे. 'शॉर्ट्स' नांवाच्या चिमुकल्या व्हिडिओंचा हिशेब निराळा असून त्यांत करणाऱ्याचा वांटा कमी पडतो.

परंतु हा वांटा पहिल्या दिवसापासून मिळत नाहीं, आणि नेमकें हेंच आपले तरुण विसरतात. त्यासाठीं चॅनेलला १,००० वर्गणीदार मिळावे लागतात (नांव वर्गणीदार, पण वर्गणी नाहीं!), आणि शिवाय गेल्या बारा महिन्यांत लोकांनीं त्याचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्स एक कोटि वेळां पाहिले गेले पाहिजेत. २०२३ पासून ५०० वर्गणीदारांवर एक अलीकडची पायरी झाली आहे. पण तीवर प्रेक्षकांनीं स्वखुषीनें दिलेले पैसे मिळूं शकतात, जाहिरातीचा वांटा मिळत नाहीं.

मीं त्या मुलाला पाटीवरच हिशेब घालून दिला. पांच मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तर एका तासाला बारा माणसें लागतात; ४,००० तासांना ४८,०००. पण माणसें शेवटपर्यंत कोठें थांबतात? निम्म्यावर उठून गेलीं तर ९६,००० लागतील. "आतां सांग," मीं म्हटलें, "जिवतीच्या आठवडी बाजारांत एका दिवशीं किती माणसें येतात?" तो हंसला, पण त्याचा चेहरा उतरला. तो उतरावा अशी माझी इच्छा नव्हती. त्यानें नोकरी सोडूं नये, एवढीच होती.

हा डोंगर चढलेलीं माणसें आहेत, हेंही तितकेंच खरें. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात, सारोळा कासार म्हणून गांव आहे. तेथील सुमनबाई धामणे यांना नातवानें एकदां पावभाजी करावयास सांगितलें. त्यांना ती ठाऊक नव्हती. नातवानें फोनवर कृति दाखविली, आजीनें ती अशी कांहीं केली कीं सगळें घर खूष झालें. आणि आजीच्या हातचें जगाला दाखवावें, असें त्या मुलाच्या मनांत आलें. २०२० मध्यें त्यांचा 'आपली आजी' हा चॅनेल महाराष्ट्रभर गाजला. ज्या व्हिडिओनें त्यांच्याकडे लोकांचें लक्ष वेधलें, तो होता साध्या कारल्याच्या भाजीचा! आमच्या सीमेपलीकडे तेलंगणांत, जगित्याल जिल्ह्यांतल्या लंबाडिपल्ली गांवीं, गंगव्वा नांवाची शेतांत राबणारी प्रौढ बाई तेलुगु 'माय व्हिलेज शो' मधून घरोघर पोंचली. जिवतीच्या सरहद्दीवरील गांवांत तेलुगु बोलणारीं पुष्कळ घरें आहेत; तेथें तिची ओळख करून द्यावी लागत नाहीं.

या दोन्ही उदाहरणांत मला एकच गोष्ट दिसली. यांतील कोणीं शहराची नक्कल केली नाहीं. जें त्यांच्या हातांत आणि जिभेवर पन्नास वर्षें मुरलेलें होतें, तेंच त्यांनीं दाखविलें. नक्कल करणारे लाखों आहेत. मुरलेलें थोड्यांपाशींच असतें.

महिन्यानंतर मी त्या मुलाच्या घरीं गेलों. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेंमागें मराठवाड्यांतून पुष्कळ कुटुंबें या डोंगरावर येऊन राहिलीं, त्यांतलेंच हें एक. चुलीपुढें त्याची आजी येसर भाजीत बसली होती. विदर्भांतल्या वाचकांसाठीं सांगतों: धान्य, हरभऱ्याची डाळ, धने, जिरें, मिरीं असें सर्व निरनिराळें भाजून जात्यावर दळतात, त्या पिठाला येसर म्हणतात. त्याची आमटी जो एकदां खाईल तो विसरणार नाहीं. कोणतें धान्य किती भाजावयाचें, हें ती वासावरून ठरवीत होती. माप विचारलें तर म्हणाली, "माप कशाचं? हाताला कळतंय."

मीं नातवाला म्हटलें, "तुझा कॅमेरा बाजारांत नाहीं, तुझ्या खिशांत आहे. आणि तुझा विषय या चुलीपुढें बसला आहे."

आजी संकोचली. "गुरुजी, माझं म्हातारीचं तोंड बघून कोण पैसं देतंय?"

"मावशी, पैसे तोंडाचे नाहींत, येसराचे आहेत," मीं उत्तर दिलें.

त्यावर तिनें भाजणें न थांबवितां जें विचारलें, त्यानें सगळें घर गप्प झालें. "मग ते माझ्या हातात येतील का?"

थोरला नातू सहज म्हणाला, "आजीला पैसे कशाला लागतात? घरांत सगळें आहेच कीं!" त्यांत दुष्टपणा मुळींच नव्हता. पण वाचकहो, हेंच वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतही आपण किती सहज बोलतों! मेतकुटाचें प्रमाण, भाजणीचा नेम, बाळंतिणीचा आहार, हादग्याचीं गाणीं, हें सर्व ज्ञान ज्या हातांनीं राखिलें, त्या हातांत स्वतःचा म्हणून एक रुपया असावा असें आपणांस कधीं वाटलें काय? १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधरांनीं 'गृहिणीमित्र' छापून काढलें, १९७० मध्यें कमलाबाई ओगल्यांचें 'रुचिरा' निघालें, तेव्हां या ज्ञानाला बाजारांतही किंमत आहे, हें दिसून आलें होतें. तथापि पुस्तक लिहिणें थोड्यांनाच साधतें. आजच्या या साधनानें जिला अक्षर येत नाहीं, तिलाही लेखिका होतां येतें. मग लेखिकेचें मानधन दुसऱ्यानें परस्पर घ्यावें, हा कोठला न्याय?

त्या रात्रीं त्या घरांत कागदावर चार ओळी लिहिल्या गेल्या, आणि मीं साक्षीदार म्हणून सही केली. एकत्र कुटुंबांत हा उद्योग करूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें असा कागद करावा, अशी माझी विनंती आहे. पहिली ओळ: कष्ट जिचे, खातें तिच्या नांवाचें, उत्पन्नांतले निम्मे आजीचे, उरलेल्यांत नातवाचे श्रम आणि घरखर्च. दुसरी: ज्याला दिसावयाचें नाहीं, त्याचें चित्र घ्यावयाचें नाहीं, सून असो कीं सासू, तिच्या होकारावांचून कॅमेरा स्वयंपाकघरांत न्यावयाचा नाहीं, आणि लहान मुलांचे चेहरे शक्य तों टाळावयाचे. तिसरी: परवलीचा शब्द घरांतल्या दोघांना ठाऊक असावा, बाहेर कोणासही नाहीं. चौथी: दोन वर्षें होईपर्यंत यासाठीं कर्ज काढावयाचें नाहीं.

साहित्याचें म्हणाल तर खर्च फारच थोडा. सकाळीं पूर्वेकडील ओसरीवर जो उजेड पडतो, त्याच्यासारखा दिवा विकत मिळत नाहीं. चित्र थोडें डळमळलें तर लोक सोसतात, पण बोलणें ऐकूं आलें नाहीं तर उठून जातात. म्हणून पंखा बंद ठेवावा, फोन जवळ धरावा, जमल्यास पदराला लावावयाचा छोटा माइक घ्यावा. दुसऱ्याचें गाणें मागें लावूं नये. तक्रार झाली तर उत्पन्न जातें, आणि नव्वद दिवसांत तीन ठपके आले तर चॅनेलच जातो. आठवड्यास एक व्हिडिओ, पण तो चुकूं द्यावयाचा नाहीं. आमच्याकडे रेंज सर्वत्र सारखी मिळत नाहीं; म्हणून तो मुलगा गडचांदूरला कामास जातो तेव्हां तेथून व्हिडिओ चढवितो. नोकरी राखल्याचा हा एक अनपेक्षित लाभ!

धोकेही सांगितले पाहिजेत. २०२० च्या ऑक्टोबरांत 'आपली आजी' चॅनेल चोरांनीं पळविला होता. सुदैवानें तो थोड्याच दिवसांत परत मिळाला. जाहिरात देतों म्हणून आलेल्या पत्रांतील फाइल उघडूं नये, आणि खात्याला दुहेरी कुलूप घालावें. दुसरें असें कीं, ही जमीन आपल्या मालकीची नव्हे. २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, आणि खेड्यापाड्यांतील किती तरी तरुणांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रींत नाहींसा झाला. म्हणून शेत आणि नोकरी ही मुख्य भाकरी, आणि हें तोंडीलावणें, असें समजावें. तिसरें, कोणी पैसे किंवा वस्तु देऊन मालाची स्तुति करावयास सांगितली, तर ती जाहिरात आहे हें स्पष्ट सांगणें आतां नियमानेंच आवश्यक आहे. आणि रानांतल्या अमुक पाल्यानें तमुक रोग बरा होतो, असें तर चुकूनही सांगूं नये. तशा जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, आणि कायद्याहून मोठा कोणाचा तरी जीव आहे.

मुलानें आणखी एक कल्पना काढली होती. शेजारच्या कोलामगुड्यांत जाऊन तेथील माणसांचे नाच, घरें आणि पूजा टिपावयाची, "लोकांना असलें फार आवडतें, गुरुजी." मीं विचारलें, "तुझ्या देवघरांत कोणी न विचारतां शिरून चित्रें घेतलीं आणि त्यावर पैसे मिळविले, तर चालेल का?" तो समजला. कोलामांच्या मुलांना आपल्या भाषेंत आपलें जीवन दाखवावेंसें वाटलें, तर त्यांना फोन धरावयास शिकविणें हें आपलें काम. त्यांच्या जगाचा व्यापार करणें हें नव्हे.

आतां पांच महिने झाले. एकोणीस व्हिडिओ झाले, वर्गणीदार दोनशेंच्या वर गेले आहेत. मिळकत शून्य. पहिला व्हिडिओ अकरा जणांनीं पाहिला, त्यांत नऊ नातलग होते. पण येसराच्या व्हिडिओखालीं कोणा अनोळखी बाईनें लिहिलें कीं, आमची आई असेंच करीत असे, तिच्याबरोबर तें प्रमाणही गेलें, तरी कृपा करून माप सांगा. नातवानें तें वाचून दाखविलें. आजी थोडा वेळ बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें आयुष्यांत पहिल्यांदा येसराचें धान्य वाटीनें मोजलें, आणि नातवाकडून लिहून घेतलें.

एक गोष्ट मात्र तिनें पक्की ध्यानांत ठेविली आहे. उत्पन्न दहा डॉलरपर्यंत पोंचलें कीं गूगलकडून पत्ता पडताळण्यासाठीं आंकडे असलेलें कागदी पत्र टपालानें येतें, आणि शंभर डॉलर भरले म्हणजे रक्कम बँकेंत जमा होते, असें मीं तिला सांगितलें होतें. एवढ्या वयांत तिच्या नांवानें टपालानें एकही पत्र आलेलें नाहीं. परवां वाटेंत भेटली तेव्हां तिनें पैशांचें विचारलें नाहीं. विचारलें तें हें: "गुरुजी, त्या पत्रावर नाव माझंच असंल ना?"

"तुमचेंच, मावशी," मीं म्हटलें. पत्र यावयास वर्ष लागेल कीं दोन, कोण जाणे! पण पत्त्यावर नांव कोणाचें असावें, हें त्या घरानें ठरविलें आहे. आपल्या घरांत तें ठरलें आहे काय?