पडली तर एकट्याला उचलता येईल का?

दसरा पार पडला आणि पाडवा तोंडावर आला, की मध्यमवर्गीय घरात एक छोटीशी परिषद भरते. विषय वाहनाचा. चिरंजीवांची (हल्ली पुष्कळ घरांतून कन्येचीही) नोकरी कायम झालेली असते, थोडीबहुत शिल्लक बँकेत पडलेली असते, आणि परवाना हाती येऊन जेमतेम चार महिने झालेले असतात. इथवर सारे ठीक. पण चिरंजीव जेव्हा आपल्या मनातल्या गाडीचे चित्र दाखवतात, तेव्हा वडीलमंडळी चष्मा पुसून पुन्हा पाहतात. गाडी उंच, सडपातळ. पुढचे मडगार्ड चाकापासून वीतभर वर. टायरवर ढेकळांसारखे उंचवटे. "ही फटफटी रस्त्यावर चालवायची, की शेतात?" असा प्रश्न तीर्थरूप विचारतात, आणि चिरंजीव म्हणतात, "दोन्हीकडे!"

उत्तर बरोबर आहे. सोमवार ते शुक्रवार कचेरी, आणि रविवारी ताम्हिणीकडच्या एखाद्या कच्च्या वाटेने गडाचा पायथा, अशा दुहेरी संसारासाठीच ही गाडी केलेली असते. तिच्या प्रत्येक अवयवाला कारण आहे. पुढचे चाक २१ इंची का? बैलगाडीचे चाक मोठे का असते, तेच कारण. मोठे चाक खड्ड्यात कमी रुतते आणि दगडावर सहज चढते. मडगार्ड उंच का? पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून मडगार्डाखाली अशी घट्ट बसते, की चाक फिरेनासे होते. हा अनुभव सोलापूर-लातूरकडच्या कोणाही सायकलस्वाराला विचारावा! तेव्हा गाडीला हसू नये. प्रश्न एवढाच, की नवशिक्याने तिच्यातली कोणती घ्यावी.

सल्लागारांना तोटा नसतो. वडील म्हणतात, जड गाडी रस्ता धरून चालते. मित्र म्हणतात, घ्यायचीच तर जास्त सी.सी.ची घे, नाहीतर वर्षात कंटाळशील. दुकानदार म्हणतो, महिन्याच्या हप्त्यात फारसा फरक पडत नाही. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. परंतु जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयाचा, तो कोणीच विचारीत नाही: गाडी आडरानात पडली, तर ती एकट्याला उचलता येईल का?

मातोश्रींनी दचकू नये. डांबरी रस्त्यावर पडणे हा अपघात. पण खडीत, चिखलात, ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी आडवी होणे हा शिक्षणाचा भाग आहे. पोहायला शिकताना नाकातोंडात पाणी जायचेच. बहुतेक वेळा वेग चालण्याइतका असतो, आणि इजा कपड्यांना व अभिमानाला होते. पण पडल्यानंतर पुढे काय? चार-पाच मण... छे, आता किलोत बोलू. दीडशे-दोनशे किलोंचे धूड उतारावर आडवे पडले आहे, इंजिन तापलेले आहे, मोबाइलला रेंज नाही, आणि वर ऊन. दोन-तीन वेळा उचलले की हातपाय थरथरू लागतात, आणि थकलेल्या माणसाच्या हातून चौथे पडणे होते ते खरे पडणे. दुखापत तिथे होते.

आता आकडे पाहा. हीरोची एक्सपल्स २०० ही गाडी २०१९ साली आली. वजन साधारण १६० किलो. रॉयल एनफील्डची २०२३ साली आलेली हिमालयन ४५० ही सुमारे १९६ किलोंची. पहिलीची ताकद अठरा-एकोणीस अश्वशक्ती, दुसरीची चाळीस. दोघींचेही पुढचे चाक २१ इंची. ज्याला सामान लादून लडाखपर्यंत जायचे आहे, महामार्गावर दिवसच्या दिवस काढायचे आहेत, त्याला दुसरी शोभते. पण ज्याला आधी चिखलात क्लच कसा सोडावा हेच शिकायचे आहे, त्याला जास्तीच्या अश्वशक्तीचा उपयोग नाही, आणि ३५ किलोंचा भार मात्र प्रत्येक पडण्यात उचलावा लागतो. पस्तीस किलो म्हणजे सिमेंटचे पाऊण पोते होत नाही का?

म्हणून दुकानात गेल्यावर काय करावे? गाडी स्टँडवरून काढून बंद स्थितीतच दहा पावले पुढे-मागे ढकलून पाहावी. पायाच्या आधाराने जरा कलवून सावरता येते का ते पाहावे. दुकानदार गाडी आडवी करू देणार नाही, हे खरे. पण कोणा ओळखीच्याकडे तीच गाडी असेल, तर त्याच्या परवानगीने गवतावर हळूच आडवी करून उचलण्याचा प्रयोग जरूर करावा. रीत अशी: इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवावा, म्हणजे ती उचलल्यावर पलीकडे कोसळत नाही. मग सीटला पाठ लावून, एक हात हँडलला व दुसरा मागच्या कड्याला घालून, पाठीने नव्हे तर मांड्यांच्या जोराने मागे-मागे पावले टाकीत ती उभी करावी. जमले, तर ती गाडी तुमची.

उंचीचा प्रश्न वजनाइतकाच महत्त्वाचा. एक्सपल्स २००ची सीट जमिनीपासून सुमारे ८२५ मिलिमीटर. त्याच गाडीच्या 'प्रो' अवतारात ती ८९१ होते. कागदावर फरक अडीच इंचांचा, पण सव्वापाच फुटांच्या माणसाला तो ओढ्याच्या मध्यावर कळतो! दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे मुळीच नाही. सीटवर किंचित सरकून एका पायाचा चवडा भक्कम टेकला तरी पुरे. पण दोन्हीकडे नुसती बोटेच लोंबकळत असतील, तर गाडी कितीही देखणी असो, पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये.

आता कायद्याकडे वळू. या जातीच्या काही गाड्या निव्वळ शर्यतीच्या मैदानासाठी असतात. त्यांना हॉर्न, आरसे, दिशादर्शक दिवे नसतात, आणि आर.टी.ओ.त त्यांची नोंदणी होत नाही. त्या वजनाला हलक्या म्हणून मोह पडतो. पण तशी गाडी घराच्या फाटकाबाहेर काढली की गुन्हा झाला. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. "गल्लीतल्या गल्लीत चालवतो" म्हणणाऱ्या कौतुकप्रिय काकांनी हे वाक्य दोनदा वाचावे. विम्याचा कागदही बारकाईने वाचावा. शर्यतीत किंवा वेगचाचणीत झालेले नुकसान नेहमीच्या विम्यात बसत नाही.

एबीएसबद्दलही एक गोष्ट. १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचे आहे, आणि डांबरावर ते प्राण वाचवते. सैल मातीच्या उतारावर मात्र त्यामुळे गाडी थांबायला अधिक अंतर लागते. म्हणून मागच्या चाकाचे एबीएस तात्पुरते बंद करण्याची सोय आहे का, हे विचारावे. आणि डांबरावर परतताच ते पुन्हा सुरू करण्याची सवय लावून घ्यावी.

जुनी गाडी घेणे वाईट नाही. नवशिक्याच्या हातून ओरखडे पडायचेच, ते जुन्या गाडीवर पडलेले सोसवतात. पण वाकून पाहावे. इंजिनाखालच्या पत्र्याला मोठे पोचे आहेत का? पुढच्या फोर्कमधून तेल झिरपते का? स्पोक एकेक टिचकी मारून ऐकावेत. सैल स्पोक बद्द वाजतो. रिम फिरवून पाहावी. आर.सी.वरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा, आणि कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री केल्यावाचून पैसे देऊ नयेत.

आणि आता हिशेब. जेवढी रक्कम बाजूला काढली आहे, ती सारी गाडीत घालू नका. आय.एस.आय. शिक्क्याचे चांगले हेल्मेट, हातमोजे, गुडघ्या-कोपरांची ढाल, छाती-पाठीचे कवच आणि घोट्याच्या वर येणारे बूट, यांचे पैसे आधी वेगळे ठेवा. उरतील त्यांत गाडी बसवा. बूट चैन नव्हेत. गाडी आडवी होते तेव्हा तिच्याखाली सापडतो तो घोटाच. दोन दिवसांचे शिक्षण एखाद्या जाणत्याकडून घेता आले तर फारच उत्तम. सी. एस. संतोष हे २०१५ साली डाकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय. २०२१च्या डाकारमध्ये त्यांनाही गंभीर अपघात झाला. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात आलेली कलाही मातीला गृहीत धरू शकत नाही, मग आपली चार महिन्यांची काय कथा?

एक विनंती तरुणांना. वाट दिसली म्हणजे ती आपली, असे समजू नका. अभयारण्यात परवानगीवाचून जाता येत नाही. कासच्या पठारावरची माती काही ठिकाणी बोटभर जाडीची आहे. टायरचा एक ओरखडा तिथली पुढच्या हंगामाची फुले घेऊन जातो. शेताच्या बांधावरून गाडी नेऊ नये. एकट्याने जाऊ नये. कुठल्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून जावे.

पाडव्याला गाडी दारात येईल. आई तिला कुंकू लावील, नारळ फुटेल, चाकाखाली लिंबू चिरडेल. वडिलांनी तेवढ्यावर थांबू नये. पुढच्याच रविवारी जवळच्या मोकळ्या मैदानात सोबत जावे, गाडी गवतावर आडवी करायला लावावी आणि म्हणावे, "हं, आता उचल." तीन वेळा उचलून दाखवली, की ताम्हिणीची परवानगी खुशाल द्यावी.