रिकाम्या खुर्चीचा हिशेब

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाच्या शेवटच्या जंबोने मुंबई कायमची सोडली. १९७१ साली पहिले जंबो ‘एम्परर अशोक’ आले तेव्हा मी शाळकरी होतो. खिडक्यांभोवतीची ती झरोक्यांची नक्षी अजून डोळ्यांपुढे आहे.

मन हळहळले खरे. पण जन्मभर कर्जप्रकरणे तपासलेला माणूस विचारणारच, खुर्च्या भरतात किती? न खपलेली साडी दुकानदार पुढच्या लग्नसराईत विकतो. विमान उडाले की रिकामी खुर्ची बुडीत खात्यात! पाचशे खुर्च्या सुटीत भरतात, एरवी नाही. कर्जाचा हप्ता मात्र बारमाही.

मोठ्या विमानतळांवरची गर्दी वाढतच जाणार, या भरवशावर एअरबसने दुमजली ए-३८० काढले. प्रवाशाला तर मध्ये न उतरता थेट मुक्काम गाठायचा होता. दोन इंजिनांची ७७७, ७८७ विमाने महासागर ओलांडू लागल्यावर चार इंजिनांचा खर्च कोण सोसणार? एकूण २५१ ए-३८० विकली गेली, त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सला. निम्मा धंदा एका गिऱ्हाइकावर! असे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर सही करताना पेन अडखळले असते. २०१९ मध्ये त्याच गिऱ्हाइकाने मागणी घटवली आणि एअरबसने उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले.

कोविडनंतर नवी विमाने वेळेवर मिळेनात, म्हणून काही कंपन्यांनी उभी करून ठेवलेली ए-३८० पुन्हा बाहेर काढली. लंडनच्या हीथ्रोसारख्या गच्च विमानतळावर ती परवडतातही. नवी बांधायला मात्र कोणी तयार नाही. बोइंगने जानेवारी २०२३ मध्ये दिलेले शेवटचे जंबोही मालवाहूच होते.