हयातीचा दाखला

पेन्शन घेणाऱ्या मंडळींस दर वर्षीं नोव्हेंबरांत आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. सन २०१४ पासून हें काम बोटाच्या ठशावरून यंत्रानेंही होतें. अलीकडे तर टपाल खात्याचा मनुष्य घरीं येऊन तें उरकून जातो. परंतु गेल्या नोव्हेंबरांत आमचे वडील बंधु अण्णा यांच्या खात्याचें आणखीही कांहीं काम निघालें, म्हणून त्यांस घेऊन बँकेंत जाणें प्राप्त झालें. एरवीं वहिनी एकट्याच त्यांस नेत. यंदा त्यांचे गुडघे कुरकुरूं लागल्यामुळें आम्हीही सोबत गेलों.

अण्णांस अर्धांगवायु होऊन चार वर्षें झालीं. श्रावणांतल्या एका सोमवारीं पूजेस बसले असतां उजव्या हातांतील पळी गळून पडली, मंत्र अर्ध्यावर तुटला, आणि त्या क्षणापासून उजवें अंग व वाचा हीं दोन्ही त्यांस अंतरलीं. पाय पुढें बराच सावरला. काठी घेऊन ते घरांत हिंडतात. हात मात्र अद्याप पोटाशीं धरलेला असतो, आणि बोलणें पंधरा-वीस शब्दांपलीकडे जात नाहीं. तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेल्या मनुष्याची ही स्थिति.

बँकेंतील तरुण गृहस्थांनीं त्यांस नांव विचारलें. अण्णांनीं मान ताणली, ओठ हलविले. पण कांहीं उमटेना. ते गृहस्थ वाईट नव्हते, घाईंत होते. आमच्याकडे वळून ते म्हणाले, "यांना कांहीं कळतं का?" आणि सांगावयास लाज वाटते, आम्ही "हो, म्हणजे तसं थोडंफार" असें कांहींसें पुटपुटलों. त्यावर त्यांनीं सुचविलें, "मग कशाला दर वेळीं त्रास घेतां? खातं मुलाच्या नांवावर करून टाका."

वहिनींनीं पिशवींतून पाटी काढली. "खातं त्यांचं आहे," त्या शांतपणें म्हणाल्या, "त्यांनाच विचारूं या." पाटीवर त्यांनीं ठळक अक्षरांत लिहिलें, 'खातें मुलाच्या नांवावर करायचें?' खालीं एका बाजूस 'होय', दुसऱ्या बाजूस 'नाहीं'. अण्णा पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले. मागें रांगेंतली मंडळी चुळबूळ करूं लागली. अखेर डाव्या हाताचें बोट 'नाहीं'वर टेकलें. वहिनींनीं पाटी पुसली आणि उलट प्रश्न लिहिला, 'खातें आपल्याच नांवावर ठेवायचें?' आतां बोट 'होय'वर गेलें, आणि या वेळीं विलंब लागला नाहीं. या आजारांत 'होय' आणि 'नाहीं' यांची पुष्कळदां अदलाबदल होते. म्हणून महत्त्वाचा प्रश्न दोन्ही बाजूंनीं विचारून पाहावा, हें वहिनी अनुभवानें शिकल्या आहेत. सहीचा प्रश्नही त्यांनींच सोडविला. आजारी खातेदारास सही करतां येत नसेल तर अंगठा घ्यावा, त्यास दोन साक्षीदार असावेत व त्यांपैकीं एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा, असा नियम रिझर्व्ह बँकेनें घालून दिला आहे. तो नियम बँकेंतल्या गृहस्थांस वहिनींकडून कळला!

घरीं येतांना अण्णा आमच्याकडे पाहत नव्हते. आमच्या त्या 'थोडंफार'चा अर्थ त्यांस पुरता कळला होता.

वाचा जाणें आणि बुद्धि जाणें या दोन गोष्टी सर्वस्वीं भिन्न आहेत. बहुतेक माणसांच्या मेंदूंत भाषेचें ठाणें डाव्या बाजूस असतें, आणि उजव्या अंगाची सूत्रेंही तिकडूनच हालतात. म्हणून उजवें अंग लुळें पडलें कीं पुष्कळदां वाचाही सोबत जाते. वैद्यकांत यास वाचाघात म्हणतात. कोणास बोलतां येत नाहीं पण ऐकलेलें बरेंचसें समजतें, कोणी भराभर बोलतो पण त्यास अर्थ नसतो, कोणास वाचलेलें उमगत नाहीं; प्रकार अनेक आहेत. परंतु कोण आपलें, कोण परकें, कोण आपल्यादेखत आपल्याविषयीं काय बोलत आहे, याची जाण बहुधा शाबूत राहते. हरवतो तो शब्द. ज्या विचारास तो शब्द हवा असतो, तो विचार आंतल्या आंत तसाच उभा असतो.

या बाबतींत इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन याची हकीकत विलक्षण आहे. सन १७५५ मध्यें ज्यानें इंग्रजी भाषेचा विख्यात कोश प्रसिद्ध केला, त्याच पुरुषाची वाचा जून १७८३ मध्यें, वयाच्या ७३ व्या वर्षीं, एका रात्रींत गेली. जाग आली तेव्हां डोक्यांत कांहीं गोंधळ झाल्याचें त्यास जाणवलें. आपली बुद्धि ठिकाणावर आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां त्यानें मनांतल्या मनांत लॅटिन भाषेंत पद्यबद्ध प्रार्थना रचली. ओळी कांहीं फार चांगल्या साधल्या नाहींत. पण त्या चांगल्या नाहींत हें आपणांस कळतें आहे, एवढ्यावरून बुद्धि शाबूत असल्याची त्यानें खात्री करून घेतली. मग बोलणें फुटावें म्हणून थोडें मद्यही घेऊन पाहिलें, आणि उपयोग होईना तेव्हां चक्क झोंपी गेला. सकाळीं शेजाऱ्यास चिठी लिहितांना हात भलतींच अक्षरें काढीत होता. त्याची वाचा थोड्याच दिवसांत बरीचशी परतली. सर्वांचें दैव असें नसतें. पण त्या पहांटे कोणी त्याच्या उशाशीं उभें राहून "यांना कांहीं कळतं का?" असें विचारलें असतें, तर त्या तिखट जिभेच्या गृहस्थानें पुढें त्याचा कसा समाचार घेतला असता, याची आम्ही कल्पना करीत असतों.

दुसऱ्या वर्षींच्या गणेशोत्सवांत घरांत निराळाच प्रसंग घडला. आरती सुरू झाली आणि अण्णा सर्वांबरोबर स्पष्ट शब्दांत म्हणूं लागले! पुढें पाहतों तों रामरक्षाही येते, एक ते शंभर अंक येतात, पावकी-निमकी तर धडधडीत. घरांत आनंद झाला. पण आरती संपतांच पाणी मागण्यास तोंड उघडलें तेव्हां पुन्हा तेंच 'अ... अ...'. आमच्या आत्या म्हणाल्या, "यायचं तेव्हां बरं येतं तोंडून. अंगांतली रग आहे, दुसरं कांहीं नाहीं." आत्यांच्याच मनांत हें आलें असें नव्हे. आमच्याही मनांत आलें होतें, आम्हीं तें बोलून दाखविलें नाहीं इतकेंच.

यांत ढोंग तिळमात्र नाहीं. मूक झालेला रोगी प्रार्थना म्हणतो किंवा शिवी देतो, पण साधें उत्तर देऊं शकत नाहीं, ही गोष्ट लंडनचे वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं एकोणिसाव्या शतकांतच टिपून ठेविली आहे. घोकून मुरलेलें बोलणें आणि नवें वाक्य जुळवून बोलणें, हे मेंदूचे दोन निराळे व्यवहार आहेत. पहिला आपोआप वाहतो. दुसऱ्यास प्रत्येक वेळीं शब्द शोधावा लागतो. याच वाटेनें अमेरिकेंत बोस्टन येथील तज्ज्ञांनीं १९७३ च्या सुमारास सुरावर बोलणें शिकविण्याची एक पद्धति पुढें आणली: छोटें वाक्य सुरावर म्हणावयाचें, डाव्या हातानें ठेका धरावयाचा, आणि हळूहळू सूर कमी करीत न्यावयाचा. वाचातज्ज्ञ बाईंनीं ही रीत वहिनींस शिकविली. 'पाणी द्या' हे शब्द अण्णांच्या तोंडीं बसावयास चार महिने लागले. 'चहा' आजतागायत बसला नाहीं. कां, तें कोणासही सांगतां येत नाहीं.

येथें एका गैरसमजाविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण त्यानें आमच्या घरचें एक अख्खें वर्ष वायां घालविलें. रुग्णालयांतून निघतांना आम्हांस सांगण्यांत आलें होतें, "जें कांहीं सुधारायचं तें सहा महिन्यांत सुधारेल." आम्हीं तें शास्त्रवचन मानलें. सहा महिने भरले आणि व्यायाम शिकविणाऱ्यास आम्हीं रजा दिली, वाचातज्ज्ञ बाईंकडे जाणें बंद केलें. पहिल्या कांहीं महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो हें खरें. पण वेग मंदावणें म्हणजे वाट संपणें नव्हे. जर्मनींत १५० हून अधिक वाचाघाताच्या रोग्यांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आजारास सहा महिने उलटून गेलेल्या या रोग्यांस किमान तीन आठवडे, आठवड्यास दहा तास वा अधिक, कसून भाषाशिक्षण दिलें असतां त्यांच्या रोजच्या बोलण्यांत सुधारणा दिसली. हें आम्हीं वाचलें तें उशिरा. वहिनींनीं तें न वाचतांच सर्व पुन्हा सुरू केलें होतें.

रोग्याच्या वतीनें बोलावें लागतें, परंतु त्यांतही एक खोंच आहे. एकदां पाहुणे आले असतां कोणी सहज विचारलें, "अण्णा चहा घेणार कीं कॉफी?" वहिनी ओट्यापाशींच होत्या, चटकन् म्हणाल्या, "चहाच घेतात ते." चहा पुढें येतांच अण्णांनीं डाव्या हातानें कप असा लोटला कीं बशीसकट खालीं. सगळे स्तब्ध झाले. वहिनी त्या रात्रीं रडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं स्वतःस एक नियम घालून घेतला: कोणीं अण्णांस प्रश्न विचारला कीं मनांत दहापर्यंत आंकडे मोजावयाचे, आणि तोंवर तोंड उघडावयाचें नाहीं. पाहुण्यांस ती शांतता अवघड वाटते. वाटूं द्यावी.

स्वीडनचे कवि टोमास ट्रान्स्ट्रोमर यांस १९९० मध्यें असाच झटका आला. उजवें अंग दुबळें झालें, बोलणें जवळजवळ थांबलें. त्यांच्या तुटक उद्गारांतून आशय ओळखून तो लोकांपर्यंत पोंचविण्याचें काम त्यांच्या पत्नी मोनिका यांनीं वर्षानुवर्षें केलें. पण कविता मात्र त्यांच्या त्यांनींच लिहिल्या. आजारानंतर १९९६ व २००४ मध्यें त्यांचीं पुस्तकें निघालीं. ते डाव्या हातानें पियानो वाजवीत, आणि कांहीं संगीतकारांनीं त्यांच्याकरितां केवळ डाव्या हातानें वाजवावयाच्या रचना केल्या. २०११ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्या झटक्यास एकवीस वर्षें झालीं होतीं.

आपल्याकडे कायद्याचाही आधार आहे, पण तो मागितल्यावांचून मिळत नाहीं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यांत एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मानलीं आहेत, आणि त्यांत वाणी व भाषेच्या अपंगत्वाखालीं वाचाघाताचा स्पष्ट निर्देश आहे. प्रमाण चाळीस टक्के वा अधिक ठरल्यास सवलतींचा मार्ग खुला होतो. ज्यांच्या घरचा कर्ता पुरुष अथवा कमावती स्त्री सरकारी नोकरींत असतां अंथरुणास खिळली असेल, त्यांनीं त्याच कायद्याचें विसावें कलम अवश्य पाहावें: सेवेंत असतां आलेल्या अपंगत्वामुळें सरकारी आस्थापनेस नोकरास काढतां येत नाहीं, कीं त्याची पायरी उतरवितां येत नाहीं. राजीनाम्याच्या कागदावर घाईनें अंगठा उठवूं देऊं नये.

एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते, तरी आमच्या घरीं तीन वर्षें सर्व भार वहिनींवरच होता. अकरा माणसें त्यांस "तुम्ही धन्य आहांत" म्हणत आणि आपापल्या कामास लागत! गुडघ्यांचें दुखणें निघालें तेव्हां कोठें घरांतल्या पुरुषांनीं वार वांटून घेतले. आमच्याकडे बुधवार व रविवार आले. स्नान घालतांना लुळा हात धरून ओढावयाचा नाहीं, नाहींतर खांद्याची वाटी निसटते. घांस देतांना ताठ बसवावयाचें, नाहींतर अन्न श्वासनलिकेंत जातें. एकानें एका वेळीं आणि लहान वाक्यांत बोलावयाचें, पण ओरडून नव्हे, कारण त्यांस ऐकूं उत्तम येतें. हें सगळें आम्ही साठीजवळ आल्यावर शिकलों. ते कधीं कधीं अकारण रडतात. प्रत्येक रडें दुःखाचेंच असतें असें नाहीं. हाही त्या आजाराचाच एक भाग. पण कित्येक दिवस मन उदास दिसलें तर तें डॉक्टरांच्या कानांवर घालावयाचें. अशा रोग्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश लोकांस औदासीन्य गांठतें. दूरदर्शनचा आवाज, मुलांचा गलका आणि स्वयंपाकघरांतलें यंत्र हीं तिन्ही एकदम चालूं असतां अण्णांस कोणतेंच वाक्य वेगळें काढतां येत नाहीं, म्हणून त्यांच्या जेवणाच्या वेळीं आम्ही सारें बंद ठेवतों. हा नियम मुलांनीं सर्वांत आधीं उचलला.

बँकेंतून आल्यापासून अण्णांनीं आपण होऊन एक उद्योग आरंभिला आहे. संध्याकाळीं दिवे लागल्यावर ते दुरेघी वही घेऊन बसतात आणि डाव्या हातानें स्वतःची सही गिरवतात. डावखुरी सही नमुना म्हणून नोंदवून घेण्यास बँकेची हरकत नाहीं, फक्त ती दर वेळीं सारखी उमटली पाहिजे. आडनांवापर्यंत गाडी आली आहे. वेलांटी अजून सुटते. वही मूळची नातवाची, आणि ती परत मिळण्याविषयीं त्याची रोज तक्रार असते.