ट्रॅकचं लायसन वेगळं, रस्त्याचं वेगळं! बाईक पोराच्या हातात देण्याआधी पालकांनी एवढं वाचावं

सातारा/सांगली : तेरा-चौदा वर्षांची पोरं रेसिंगच्या ट्रॅकवर बाईक पळवतात, त्यांना कोणी अडवत नाही. मग आमच्या सतरा वर्षांच्या पोराला कॉलेजला जाताना पोलीस का अडवतात? मोबाईलवर रील बघून पोरं घरात हा प्रश्न विचारतात आणि मोठी माणसं गप्प बसतात. उत्तर मात्र कायद्यात सरळ आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३ नुसार लायसन लागतं ते 'सार्वजनिक ठिकाणी' गाडी चालवायला. जिथं लोकांना जायचा हक्क आहे ते सार्वजनिक ठिकाण. म्हणजे नुसता हायवे नव्हे, गावातली गल्ली आणि पाणंद रस्तासुद्धा त्यात आला. 'गावातल्या गावात तर चालवतोय' या बोलण्याला कायद्यात जागा नाही. चेन्नईजवळचा किंवा कोईमतूरचा रेसिंग ट्रॅक ही बंद, खाजगी जागा. तिथं आरटीओचं लायसन विचारत नाहीत. तिथं लागतं ते एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटारस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचं स्पर्धा लायसन. ते खिशात असलेला रेसर ट्रॅकच्या गेटबाहेर आला आणि आरटीओचं लायसन नसलं, तर तो आपल्या पोरासारखाच बिनलायसनचा.

याचं मोठं उदाहरण चारचाकीतलं आहे. मॅक्स व्हर्स्टापेन १७ व्या वर्षी, मार्च २०१५ मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला, तेव्हा त्याच्याकडं रस्त्यावर कार चालवायचं लायसन नव्हतं. ते त्यानं १८ वा वाढदिवस झाल्यावर काढलं. जागतिक संघटनेनं नियमच बदलला. २०१६ पासून फॉर्म्युला वनसाठी किमान वय १८ झालं आणि रस्त्याचं लायसनही सक्तीचं झालं.

बाईकच्या शर्यतीत तर वयाचा हिशेब जीव गेल्यावर झाला. २०२१ या एका वर्षात इटली आणि स्पेनच्या ट्रॅकवर १९, १४ आणि १५ वर्षांचे तीन रेसर गेले. मग जागतिक स्पर्धेचं किमान वय २०२३ पासून १८ वर नेलं. त्याच वर्षी ५ ऑगस्टला चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा १३ वर्षांचा रेसर पडून गेला. हे सगळे तयारीचे होते. अंगात चामड्याचा सूट, ट्रॅकवर झेंडेवाले, बाजूला ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर, सगळी वाहतूक एकाच दिशेनं.

आता आपला रस्ता बघा. ऊसतोड सुरू झाली की कराड, वाळवा, पलूसच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. वळणावर उसाची मोळी पडलेली, मध्येच म्हैस आडवी. रेसच्या बाईकला हेडलाईट नसतो, आरसे नसतात, इंडिकेटर नसतो, कारण तिथं त्यांची गरजच नसते. आपली पोरं मात्र तिचं बघून रस्त्यावरच्या बाईकचे आरसे काढतात. याला काय म्हणावं?

कायद्याचा मार पोरापेक्षा बापाला जास्त बसतो, हे अजून बऱ्याच घरांत माहीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १९९-अ सांगतं, अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जाईल. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण अडवायचा पुरेसा प्रयत्न केला होता, हे पालकानं सिद्ध करायचं. आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. म्हणजे एसटीत चालक नाही, पोलीस भरतीत चालक शिपाई नाही, टेम्पो-ट्रॅक्टरही कायद्यानं चालवता येणार नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे कारनं दोघांचा जीव गेला, तेव्हा त्याच्या वडिलांना अटक झाली होती. ते पैसेवाले होते, महागडे वकील लावू शकले. आपलं काय?

त्याहून मोठी भीती विम्याची. चालवणाऱ्याकडं लायसन नसेल तर जखमी किंवा मयताच्या घरच्यांना विमा कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. रक्कम लाखांत जाते. गाडी बापाच्या नावावर असते आणि सातबाराही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, त्यालाही वैध लायसनची अट आहे.

पण सगळा दोष पोरांवर टाकून भागणार नाही. कायद्यात १६ व्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि तशी पेट्रोल गाडी आता शोरूममध्ये दिसत नाही. गावात अकरावीची सोय नाही, एसटी वेळेवर नाही, म्हणून घरचेच बाईक देतात. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची इलेक्ट्रिक गाडी लायसनशिवाय चालते, तेवढी एक वाट आहे. शिकाऊ लायसन जून २०२१ पासून राज्यात घरबसल्या निघतं. ती परीक्षा नेट कॅफेत कोण देतं आणि माऊसवर हात कोणाचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पक्क्या लायसनला आठचा आकडा काढून दाखवायचा. त्यात तोल कळतो, पण साठच्या वेगात अचानक ब्रेक मारता येतो का हे कळत नाही. रेसर सराव करतो तो नेमका त्याचाच.

राहिला वेगाचा नाद. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहे, पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात 'राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय' असे शब्द आहेत. म्हणजे संमती घेऊन शर्यत भरवता येते. बैलगाडा शर्यतीचं बघा ना. बंदी आली, कोर्टात वर्षं गेली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा कायदा कायम ठेवला. आज जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं, नियमात, मैदानावर गाडे पळतात. बैलांसाठी आपण एवढं भांडलो. बाईकसाठी एका तालुक्यानं तरी मातीचा ट्रॅक मागितलाय का? शेजारी कोल्हापूरजवळ मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथं राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत गाडी चालवून आला. सातारा-सांगलीच्या आमदार-खासदारांकडं क्रीडा संकुलाच्या मागण्या जातातच, त्यात ही एक घालायला काय हरकत आहे?

ज्यांच्या पोराला यंदा १८ पूर्ण होतायत त्यांच्यासाठी : शिकाऊ लायसन निघाल्यावर ३० दिवस थांबून पक्क्याच्या परीक्षेला बसता येतं. साताऱ्याचं कार्यालय एमएच-११, कराडचं एमएच-५०, सांगलीचं एमएच-१०. आपल्या तालुक्यात आरटीओचं शिबिर कधी आहे, ते कार्यालयात विचारून घ्या.