कानातले यंत्र आणि अण्णांची मोटार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या भानगडीत पडू नये, असा एक समज आपल्या महाविद्यालयात चांगलाच मुरलेला आहे. वर्गातला पंखा बंद पडला की आपण शिपाईमामांना हाक मारतो. स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक खरखरू लागला की विज्ञान शाखेचा एखादा मुलगा शोधायला धावतो. आणि स्वतःचे इअरबड्स बंद पडले की सरळ दुकान गाठतो. ‘आपल्याला त्यातले काय कळते?’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्यात काही कमीपणा आहे असे वाटतच नाही. मलाही वाटत नव्हते. गेल्या पावसाळ्यात माझ्या इअरबड्सनी मला जो मनस्ताप दिला, त्यानंतर मात्र या वाक्याची मला लाज वाटू लागली.

इअरबड्स ही माझ्यासाठी चैन नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. फुलंब्री तालुक्यात आमची दोन एकर जमीन आहे. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत, आईचे तेवढेही नाही. एखादा मुद्दा समजला नाही तर घरी विचारायला कोणी नसते. म्हणून सरांच्या परवानगीने तास मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायचा आणि रात्री वसतिगृहात तोच पुन्हा ऐकायचा, ही माझी शिकवणी. खोलीत आम्ही चौघी. एक मोठ्याने पाठांतर करणार, दुसरी घरी फोनवर बोलत बसणार. अशा गोंगाटात ऐकायचे कसे? ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयातली पुस्तके लावून मिळालेल्या पैशांतून ८९९ रुपये मोजून मी बिनतारी इअरबड्स घेतले.

दोन महिने बरे गेले. मग मधूनच डावा बड मुका होऊ लागला, कधी दोन्ही. पुन्हा जोडावे, पाच मिनिटे चालावे, पुन्हा तेच. हैदराबाद संस्थानावरचा तास मी किती वेळा ऐकायला घेतला असेल! सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य संस्थानात शिरायचे, आणि निजामाची शरणागती यायच्या आत माझ्या कानात शांतता पसरायची.

पैठण गेटाजवळच्या एका दुकानात गेले. सोबत वर्गातला एक मित्र होता. बड्स माझे, तक्रार माझी, पैसे माझे; पण दुकानदार जे काही बोलले ते त्याच्याकडे बघून. ‘हे असेच असते. नवीन घेऊन टाका.’ केव्हा बंद पडते, कुठे पडते, असा एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. डबीतला माहितीचा कागद काढून पाहिला, तर एका बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला चिनी. मराठीचा पत्ताच नाही. मी मुकाट्याने परत आले. मनात आले, आपल्याच हातून काहीतरी बिघडले असणार. माझ्यासारख्या मुलींना ही सवय असते. वस्तू बिघडली तरी आधी संशय स्वतःवरच घ्यायचा!

त्या रात्री अण्णांचा फोन आला. आवाजावरून त्यांनी ओळखले. मी सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “कव्हा बंद पडतं? कुठं बंद पडतं?”

“कधीही पडतं, अण्णा.”

“कव्हाही काही पडत नसतं, पोरी. मोटार फिरती का नाही, ते बघ आधी. फिरत असंल अन् पाणी येत नसंल, तर दोष मोटारीत नाही, खाली फुटबॉलात आहे. अन् फिरतच नसंल तर आधी फ्यूज बघायचा, मग स्टार्टर. सगळंच एकदम उघडून बसायचं नाही. एक बदलायचं, बघायचं. मग दुसरं.”

(विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी पाणी धरून ठेवणारा जो फुटव्हॉल्व्ह असतो, त्याला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात.)

अण्णांनी आयुष्यात इअरबड्स हातात धरलेले नाहीत. तरीही दुकानदारांना जो प्रश्न सुचला नाही, तो त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारला. मी वहीचे एक पान घेतले आणि आठवडाभर नोंद ठेवली: वेळ कोणती, जागा कोणती, मोबाईल कुठे होता, कोणता बड गेला. तोपर्यंत मला नुसता ‘त्रास’ दिसत होता; पान भरत गेले तसे दिसू लागले की हा एक बिघाड नसून तीन आहेत.

ते सांगण्यापूर्वी ही जोडणी चालते कशी, हे थोडे सांगायला हवे. ब्लूटूथ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी. याच पट्ट्यात वाय-फायही चालते, म्हणजे रस्ता एक आणि गर्दी फार. म्हणून ब्लूटूथ एका वाटेवर थांबतच नाही. त्याच्या मूळ पद्धतीत ७९ वाटा आहेत आणि त्यांवरून ते सेकंदाला १,६०० उड्या मारते. जी वाट अडलेली दिसेल ती पुढे टाळते. स्वीडनमधल्या लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये याप हार्ट्सेन या डच अभियंत्याने हे काम सुरू केले. त्याचे नाव मात्र आपल्या इतिहास विभागाला शोभेल असे आहे. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्यावरून ते ठेवले, आणि मोबाईलवरचे ते काटेरी चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची दोन जुनी अक्षरे एकमेकांवर बसवलेली.

पण मला खरा धक्का दिला तो या उड्यांच्या कल्पनेने. लहरींची वाट सतत बदलत ठेवली तर शत्रूला संदेश अडवता येणार नाही, या विचारावर अमेरिकेत १९४२ मध्ये एक पेटंट मिळाले होते. पाणतीराला मार्ग दाखवण्यासाठी ती युक्ती होती. पेटंट कोणाचे? व्हिएन्नात जन्मलेली चित्रपट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचे! त्यांच्या योजनेत ८८ वाटा होत्या, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच. आजचे ब्लूटूथ थेट त्यातूनच निघाले असे कोणी समजू नये. पण उडी मारण्याची कल्पना तीच. एक नटी आणि एक गाणी रचणारा! आपल्या शाखेच्या भाषेत सांगायचे तर दोघेही ‘कला’वालेच. ‘आपल्याला त्यातले काय कळते?’ असे म्हणून ते गप्प बसले नाहीत.

आता माझे तीन बिघाड. पहिला रस्त्यावरचा. वसतिगृहातून महाविद्यालयात चालत येताना मोबाईल पाठीवरच्या पिशवीत असे, आणि तेव्हाच आवाज तुटे. या लहरींना पाणी शोषून घेते आणि माणसाच्या शरीरात पाणीच जास्त. म्हणजे मोबाईल आणि कान यांच्यामध्ये मीच भिंत होऊन उभी होते! खोलीत भिंतींवरून, छतावरून आपटून लहरी कानापर्यंत पोहोचतात. उघड्या रस्त्यावर तशी सोय नसते. मोबाईल ओढणीच्या पुढच्या बाजूला छोट्या पाकिटात अडकवला आणि निम्मे दुखणे त्याच दिवशी गेले. पैसा शून्य.

दुसरा बिघाड खोलीतला, आणि तो शोधायला वेळ लागला. सकाळी गच्चीवर बसले की जोडणी तुटत नसे. रात्री नऊनंतर खोलीत तुटे. आधी वाय-फायवर संशय घेतला. पण वहीत पाहिले, तर माझी एक मैत्रीण गावी गेली होती त्या दोन्ही रात्री बड्स नीट चालले होते. मग आठवले. एकदा तिचे बड्स हरवले होते म्हणून मी माझे तिला दिले होते. तिच्या मोबाईलने त्यांची ओळख लक्षात ठेवली होती आणि तिने ब्लूटूथ सुरू केले की तो मोबाईल माझ्या बड्सना हाका मारू लागे. तिच्या मोबाईलमधून ती नोंद पुसली, बड्सही मूळ स्थितीला आणून नव्याने जोडले. भांडण मिटले. तिला मी कधी सांगितले नाही, की एक रात्र मी तिच्यावर उगाच चिडून झोपले होते.

तिसरा डाव्या बडचा. तो डबीत ठेवूनही पूर्ण चार्ज होत नव्हता, म्हणून उजव्याच्या आधी मरत होता. त्याच्या खालच्या दोन पितळी रंगाच्या ठिपक्यांवर एक चिकट थर होता. रोज केसांना लावते ते खोबरेल तेल! कोरड्या कापसाने पुसले, डबीतल्या बारीक पिनाही जुन्या मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ केल्या.

हे सारे कळल्यावर वसतिगृहात माझ्याकडे रांग लागली. त्यातल्या बऱ्याच जणींची जोडणी तुटतच नव्हती. कोणाचे नेट अडखळत होते, तर कोणाच्या मोबाईलमधली बॅटरी वाचवण्याची सोय पडदा विझताच गाणे थांबवत होती. मोबाईलमध्ये उतरवून घेतलेले एखादे गाणे लावून पाहिले, की नेटचा दोष आहे की नाही तेवढे तरी लगेच कळते. मोटार फिरते आहे, पाणी येत नाही, हाच तो प्रकार.

आता मनातले सांगते. अण्णा विहिरीवर जाताना धाकट्या भावाला सोबत नेत. ‘बॅटरी धर’ म्हणत, आणि तो उजेड धरता धरता शिकला. मला कधी नेले नाही. मुलीला स्टार्टरला हात लावू द्यायचा नाही, यात माया होती हे मी जाणते. पण त्या मायेने मला इतक्या वर्षांच्या एका शिक्षणाला मुकवले. आणि मीही कमी नाही. महाविद्यालयात आल्यावर अण्णांना काय कळते, असे मला दोन वर्षे वाटत होते. तर्कशास्त्राच्या पेपरात मिलचा व्यतिरेकाचा नियम मी पाठ करून लिहिला आणि गुणही मिळवले; पण मैत्रीण नसलेल्या रात्री बड्स नीट चालतात, हा त्याच नियमाचा भाग आहे हे मला अण्णांच्या फोनशिवाय सुचले नसते.

आणि भाषेचे काय? मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, मराठी विश्वकोशाचे खंड आपल्या ग्रंथालयात आहेत. तत्त्वाची भाषा आपल्याजवळ आहे. बिघाडाची भाषाही आहे. मोटारीने हवा धरली, फेज गेला, हे शब्द आमच्या गावात पोरेसोरेही बोलतात. मग ८९९ रुपये घेणाऱ्या कंपनीला एक मराठी पान का छापता येऊ नये? ते होत नाही तोवर आपल्या भित्तिपत्रकावर एक कोपरा यासाठी का राखू नये? कवितांना जागा कमी पडेल, हे मला मान्य आहे.

एका गोष्टीपुढे मात्र माझी वही हरली. उजव्या बडची बॅटरी आता थकत चालली आहे आणि ती बदलता येत नाही. सगळे चिकटवून बंद केलेले. अण्णांची मोटार तीन वेळा जळली आणि तिन्ही वेळा फुलंब्रीत बांधून मिळाली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले खरे. पण जी वस्तू उघडतच नाही तिच्यासाठी हक्क कुठे गाजवायचा? एवढ्याशा बॅटरीपायी सगळा जोड कचऱ्यात जाणार, हे मला अजून पटलेले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मोटार बंद होती. अण्णांनी भावाला हाक मारली, तो गावात गेला होता. मी बॅटरी घेऊन निघाले. विहिरीवर पोचल्यावर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, स्वतः उजेड धरला आणि म्हणाले, “आधी मेन बंद कर. मग झाकण उघड.”